दोन लाव्ह्यांमधली माती

आइसलँडमध्ये भाड्याचं मोटरहोम ताब्यात देणारा माणूस इंजिनाबद्दल थोडं बोलतो आणि दाराबद्दल बराच वेळ. आधी गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून ती उभी करायची. मग एका हाताने चौकट धरायची, दुसऱ्याने दार, आणि ते हळूहळू सोडायचं. वाऱ्याने दार हिसकावलं आणि बिजागऱ्या पिळवटल्या, तर नेहमीच्या विम्यात ते नुकसान बसत नाही. वाळू आणि राखेसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, कारण दक्षिणेकडच्या काळ्या वाळूच्या मैदानांत वादळ उठलं की गाडीचा रंग खरवडला जातो आणि काचा आंधळ्या होतात. भाची सगळं मन लावून ऐकत होती. गाडी मुख्यतः तीच चालवणार होती. तिचा नवरा मला म्हणाला, "मावशी, दार आम्ही उघडून देत जाऊ. तुम्ही तोवर बसून राहा."

मग मी मागच्या टेबलाशी, खिडकीला लागून बसले आणि पुढे जवळजवळ सगळा देश त्याच जागेवरून पाहिला. वाराही तिथेच कळला. हॉटेलात उतरणाऱ्याला तो रात्री खिडकीबाहेर ऐकू येतो. मोटरहोममध्ये तो आपल्या घराला धरून हलवतो.

तिथे वारा सेकंदाला मीटरमध्ये मोजतात आणि सकाळी उठल्याबरोबर आधी तो आकडा पाहतात. हमरस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी विजेच्या पाट्या आहेत: तापमान, वाऱ्याची दिशा, त्याचा वेग आणि झोतांचा सर्वांत मोठा आकडा. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. तो पंधराच्या वर गेला की उंच गाड्यांनी जपायचं. वीसच्या वर गेला की आम्ही निघायचंच नाही असं ठरवलं होतं. सेकंदाला १५ मीटर म्हणजे तासाला ५४ किलोमीटर, ऐकायला फार वाटत नाही. पण आमच्या गाडीची बाजू सुमारे सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच होती. एवढ्या भिंतीवर २० मीटरचा वारा आडवा आला की साधारण अर्ध्या टनाचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळे ३० मीटरच्या झोताला तो एक टनाच्या वर जातो. आणि गाडीचं सामानासकट सगळं वजन साडेतीन टन. भाचीच्या नवऱ्याने हे गणित कागदावर मांडलं आणि तो कागद स्टिअरिंगशेजारी चिकटवून ठेवला. कुठे मुक्काम करायचा, किती वाजता निघायचं, हे पुढे त्या कागदाने ठरवलं. मोटरहोम रात्री वाटेल तिथे उभं करायला कायद्याने बंदी आहे, ठरलेल्या कॅम्पवरच जावं लागतं. त्यामुळे वारा आणि पुढचा कॅम्प यांची सांगड रोज घालावी लागे.

देशाला वळसा घालणारा पहिल्या क्रमांकाचा रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. आम्ही दक्षिणेकडून पूर्वेला निघालो. सुरुवातीलाच एयाफ्यात्लायोकुलचे कडे लागतात. २०१० साली ज्याच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली तो हा ज्वालामुखी, वर बर्फ, खाली कुरणं आणि मधे उभा काळा कातळ. कड्यांवरून धबधबे पडतात. वारा चढला की त्यांतल्या बारीक धारा खाली पोचतच नाहीत, वरच्या वर उलट्या फेकल्या जातात. नाणेघाटात ऐन पावसात पाहिलेलं हेच दृश्य. कडाही त्याच जातीचा, बेसॉल्टचा. मी काचेला नाक लावून पाहत राहिले. हा कातळ मला ओळखीचा आहे असं तेव्हा वाटलं, पण ती ओळख नेमकी कुठली ते पूर्वेकडे गेल्यावर उलगडलं.

वीक गाव मागे पडल्यावर काही वेळाने रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोल गोल फुगवट्यांची करडी-हिरवी जमीन सुरू होते आणि संपता संपत नाही. हा १७८३ सालचा लाव्हा. त्या वर्षी ८ जूनला लाकीच्या डोंगराजवळ जमीन पंचवीसेक किलोमीटर लांब फाटली. त्या भेगेवर शंभरावर मुखं उघडली आणि लाव्हा पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, आठ महिने, वाहत राहिला. सुमारे सहाशे चौरस किलोमीटर जमीन त्याने झाकली. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जवळपास तेवढेच भरतात. पण लाव्ह्याने माणसं फारशी मारली नाहीत. मारलं ते वायूने. गंधकाचं धुकं देशभर पसरलं, गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन मेंढ्यांचे दात आणि हाडं बिघडली. मेंढ्यांपैकी चार-पंचमांश मेल्या आणि मग भूक आली. दोन-तीन वर्षांत देशातली पाचातली एक व्यक्ती गेली.

क्लोयस्टुर या गावी तेव्हा योन स्टेइनग्रिमसन नावाचे पाद्री होते. २० जुलैच्या रविवारी लाव्हा गावाकडे सरकत असताना त्यांनी चर्चमध्ये लोकांना जमवून प्रार्थना केली, आणि प्रार्थनेनंतर बाहेर येऊन पाहतात तर लाव्हा पुढे न येता जागच्या जागी थराथराने साचत थांबला होता. 'अग्नीचे पाद्री' म्हणून देश त्यांना आजही ओळखतो. मला मात्र त्यांच्याबद्दल जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या गोष्टींसाठी. ते रोज लिहीत राहिले: आज कुठली दरी भरली, पाऊस कसल्या रंगाचा पडला, कुठलं शेत उठलं. ज्वालामुखीचं इतकं बारकाईने टिपलेलं प्रत्यक्षदर्शी वर्णन त्या काळात दुर्मीळ आहे, आणि आजचे शास्त्रज्ञही त्यावर विसंबतात. पुढे त्यांच्याकडे सरकारी मदतीचे पैसे सीलबंद पेटीतून पोचवायला दिले होते. वाटेत भुकेली माणसं भेटली तेव्हा त्यांनी पेटी फोडून तिच्यातले पैसे वाटले आणि त्याबद्दल वरून ठपका घेतला. प्रार्थनेने लाव्हा थांबला की नाही यावर वाद घालता येईल. ती पेटी फोडणारा हात मला निर्विवाद थोर वाटतो.

रस्त्याकडेला गाडी थांबवायला एक जागा होती, तिथे उतरलो. वारा कमी होता. दोरी बांधून पायवाट आखली होती, तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी वाटेवरच गुडघे टेकून बसले आणि हात कडेच्या शेवाळावर ठेवला. चांगल्या पिंजलेल्या कापसाच्या गादीत जावा तसा तो मनगटापर्यंत आत गेला. वरून ते करडं आणि कोरडं होतं, प्रत्येक काडीच्या टोकाला केसासारखं पांढरं टोक; बोटांनी जरा फाकवलं तर आत हिरवं, त्याखाली तपकिरी, आणि तळाशी गार ओल. आदल्या दिवशीचा पाऊस त्याने तिथे जपून ठेवला होता. जिथे लाव्हा फाटून कड उघडी पडली होती तिथे शेवाळाखाली काय आहे ते दिसत होतं: बोटभर काळी भुकटी आणि लगेच खडक. दोनशे चाळीस वर्षांत एवढी माती तयार झाली होती. एक पाऊल पडलं तर शेवाळ दबतं आणि तो ठसा भरून यायला दशकं लागतात. म्हणून ती दोरी.

भाची म्हणाली, "मावशी, ऊठ आता, गुडघे भिजतील." मला उठवत नव्हतं. लाव्हा आठ महिन्यांत आला आणि गेला. त्यानंतरचं जे सगळं आहे, ते या बोटभर भुकटीत होतं.

त्याच संध्याकाळी क्लोयस्टुरला अडकलो. पुढे स्केदारारसांदुर नावाचं वाळूचं मैदान आहे, वात्नायोकुल या प्रचंड हिमनदीतून निघालेल्या प्रवाहांनी आणून टाकलेली काळी वाळू, समुद्रापर्यंत सपाट. त्याच्या तोंडाशी लोमान्युपुरचा सुळका उभा आहे, आणि बर्फावरून उतरणारा वारा तिथे कड्यांवरून खाली येताना आणखी जोर धरतो. पाटीवरचा झोताचा आकडा २८ होता. कॅम्पवर सगळ्या गाड्या एका दिशेला तोंड करून उभ्या होत्या. रात्रभर आमचं घर डोलत राहिलं. सिंकमध्ये थोडं पाणी राहिलं होतं ते या कडेवरून त्या कडेवर जात होतं. कपाटाच्या कड्या लावलेल्या असूनही आतल्या ताटल्या एकमेकींना लागत होत्या. खिचडी टाकली तर छतावरच्या झरोक्यातून येणाऱ्या झुळकेने शेगडीची ज्योत आडवी व्हायची, म्हणून मी पातेल्याभोवती हात धरून उभी राहिले. घाबरायला झालं का? झालं. पण त्याहून जास्त जाणवलं ते हे, की या देशात वस्ती करायची तर रोजच हे गृहीत धरून करायची.

कॅम्पची देखभाल करणाऱ्या वयस्क बाई सकाळी सांगायला आल्या की दुपारपर्यंत वारा उतरेल. त्यांच्या लहानपणी या मैदानावर पूल नव्हते. पलीकडच्या हॉफ्न गावाला मोटारीने जायचं तर सगळ्या देशाला उत्तरेकडून वळसा घालावा लागे. १९७४ साली स्केदारा नदीवर पूल झाला आणि रस्त्याचं वर्तुळ पहिल्यांदा जुळलं. १९९६ च्या शरदात बर्फाच्या खाली ज्वालामुखी जागा झाला, वितळलेलं पाणी ग्रिम्सवोत्नच्या कुंडात महिनाभर साचत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला एकदम सुटलं. सेकंदाला सुमारे पन्नास हजार घनमीटर पाणी, त्यात घरांएवढे बर्फाचे तुकडे. एक पूल सबंध गेला, स्केदारावरच्या पुलाचा काही भाग तुटला. अशा पुराची शंका असल्याने रस्ता आधीच बंद केला होता, त्यामुळे कुणी दगावलं नाही. काही आठवड्यांत तात्पुरता रस्ता सुरू झाला. पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर आज रस्त्याकडेला ठेवले आहेत. दुपारी तिथे उभी राहिले तेव्हा एवढं जाड लोखंड पाण्याने कसं वाकवलं असेल हे डोळ्यांना पटेना. पुढे जुना लांब पूल अजून दिसतो, पण त्याखाली नदी नाही. २००९ साली हिमनदी मागे सरल्यावर स्केदाराने पात्र बदललं आणि ती पश्चिमेच्या दुसऱ्या नदीला जाऊन मिळाली. माणसांनी इतक्या कष्टाने पूल बांधला आणि नदीच उठून गेली.

पूर्वेचे फ्योर्ड लागले आणि मी भाचीला गाडी थांबवायला सांगितलं. समोर आंबेनळी घाट होता. अर्थात समुद्र होता, मेंढ्या होत्या, डोंगरमाथ्यावर जुलैतही बर्फाच्या पट्ट्या होत्या. पण डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे: उभा कडा, मग तिरपी उतरण, पुन्हा कडा, पुन्हा उतरण, एकावर एक. आणि कड्यांच्या मधे बारीक तांबडी रेघ. तिच्या वर काळा कातळ, खाली काळा कातळ, मधे हातभर लाल पट्टा. साताऱ्याहून महाबळेश्वरमार्गे कोकणात उतरताना रस्त्यासाठी कापलेल्या भिंतींत ही रेघ मी लहानपणापासून पाहत आले आहे. विहीर खणणारे तिला गेरू म्हणतात. काळा फत्तर कुठला, मांजऱ्या कुठला आणि गेरू कुठे लागेल, हे त्यांना हाताच्या ठोक्यावरून कळतं.

तो पट्टा म्हणजे एकेकाळचा जमिनीचा वरचा थर. एक लाव्हा थिजला. त्यावर पाऊस पडला, राख आणि धूळ बसली, खडक झिजला, माती झाली, काहीतरी उगवलं. मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती झाकली, भाजली. दगडाच्या दोन थरांमधला लाल पट्टा म्हणजे मधल्या शांत काळाची नोंद. आइसलँडच्या या पूर्वेकडच्या खडकांचं वय फार तर एक कोटी तीस लाख वर्षं, सह्याद्रीचं साडेसहा कोटींच्या वर. पण बांधणी एकच. जॉर्ज वॉकर नावाच्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९५५ नंतरची दहा वर्षं उन्हाळ्या-उन्हाळ्यात येऊन हे पूर्वेचे डोंगर पायी पालथे घातले, थर न् थर नकाशावर आणला. पुढे त्यांनी दख्खनच्या लाव्ह्याचाही अभ्यास केला. ब्रेइदाल्सविक या छोट्या गावात त्यांच्या कामाची आठवण जपली आहे. एकाच माणसाने हे दोन्ही प्रदेश वाचले हे कळल्यावर मला आपलं कुणी भेटल्याचा आनंद झाला.

वॉकर यांनी डोंगराच्या पोकळ्यांमधल्या खनिजांवरून एक सुंदर गोष्ट शोधली. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे लाखो वर्षं कोमट पाणी झिरपत राहतं आणि त्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढतात. कुठल्या खोलीवर, किती उष्णतेला कुठला स्फटिक तयार होतो हे ठरलेलं असतं. त्यामुळे आज उघड्यावर कुठला स्फटिक दिसतो त्यावरून वरचा किती डोंगर झिजून गेला ते सांगता येतं. द्यूपिवोगुरजवळ तेइगारहोर्न नावाचं शेत या स्फटिकांसाठी जगात प्रसिद्ध आहे आणि आता संरक्षित आहे. तिथला खडा उचलायचा नाही. तिथे काचेमागे स्टिल्बाइटचे पंख्यासारखे पसरलेले गुलाबी-पांढरे स्फटिक पाहिले आणि मी भाचीला म्हटलं, "अगं, हे आपल्या विहिरीतले." साताऱ्याकडच्या आमच्या गावी विहिरीला सुरुंग लावले की डबराच्या ढिगाऱ्यात अशा गारगोट्या चमकायच्या. आम्ही मुलं त्या फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो. जळगाव, नाशिक, पुण्याकडचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. सिन्नरला तर त्यांचं मोठं संग्रहालयच आहे. भाचीने विहीर खणताना कधी पाहिलेली नाही. तिने त्या काचेपुढे बराच वेळ काढला.

दख्खनचा लाव्हा ओतला गेला तेव्हा भारताचा भूखंड आज रियुनियन बेट आहे त्याच्या खालच्या तप्त स्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता. काही एकेकटे प्रवाह लाकीच्या शंभरपटीहून मोठे होते. त्यांतले काही पार राजमुंद्रीपर्यंत पोचले. लाकीने एवढ्याशा देशाचा पाचवा हिस्सा मारला, तर तेव्हा काय झालं असेल याचा विचार मनाला पेलत नाही. पण त्या पट्ट्यांकडे पाहताना मला प्रलयापेक्षा दुसरंच काही जास्त जाणवत होतं. मुंबईत वरळीला दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन १८४७ साली केलं. नखाएवढ्या हाडांचे हे बेडूक. खाली थिजलेला लाव्हा होता, वर यायचा होता, आणि मधल्या काळात तिथे तळं साचलं, पाणवनस्पती आल्या, बेडकांनी अंडी घातली, त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. त्यांच्यासाठी तो मधला काळच पूर्ण जग होता. सह्याद्रीला आपण दगडांचा म्हणून ओळखतो. मला वाटतं त्याची खरी कहाणी त्या हातभर तांबड्या रेघांमध्ये जास्त आहे.

आइसलँडमधली माणसं अशाच एका रेघेत राहतात, आणि ती ते जाणून आहेत. विमानतळावरून निघाल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही ग्रिंदाविकच्या बाजूने गेलो होतो. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री त्या गावातले सुमारे ३,८०० लोक घरं सोडून निघाले, कारण जमिनीखाली शिलारस सरकत असल्याचं कंपमापकांनी सांगितलं होतं. जानेवारीत गावाच्या कडेला भेग उघडली आणि तीन घरं गेली. त्यानंतरही त्या भागात उद्रेक होत राहिले. यंत्रांनी घातलेले मातीदगडांचे उंच बांध, त्यांना टेकून थिजलेला नवा काळा लाव्हा, आणि त्यावर अजून शेवाळाचा ठिपकाही नाही. १९७३ च्या जानेवारीत हेइमाए बेटावर मध्यरात्री गावालगतच जमीन फाटली, तेव्हा पाच हजारांवर माणसं काही तासांत बोटींतून निघाली. आदल्या दिवशी वादळी वारा होता म्हणून मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरात होत्या. वाऱ्याने त्या बेटाला वाचवलं असं म्हणायला हरकत नाही. पुढे महिनोन्‌महिने लोकांनी लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारून त्याला थिजवलं आणि बंदराचं तोंड उघडं ठेवलं. मग परत येऊन छपरांवरची राख उपसली. राखेखालून घरं उकरून काढणाऱ्या त्या लोकांचे फोटो पाहताना मला त्यांच्या चेहऱ्यावर शौर्य दिसत नाही, कामाची घाई दिसते, आणि म्हणून ते मला फार जवळचे वाटतात.

पुढे उत्तरेला मिवात्नची उकळती चिखलकुंडं, गंधकाचा दर्प, १९७५ ते १९८४ च्या क्राफ्लाच्या उद्रेकांतला अजून उबदार लाव्हा, हे सगळं पाहिलं आणि ते पाहण्यासारखंच आहे. पण माझं मन आता मातीत गुंतलं होतं.

नवव्या शतकात माणूस इथे आला तेव्हा खालच्या भागांत बर्चची जंगलं होती. कुऱ्हाड आणि मेंढी यांनी ती संपवली. ज्वालामुखीच्या राखेची माती हलकी असते. मुळं गेली की वारा तिला उचलून समुद्रात नेतो. शतकानुशतकं इथली माती अशी उडत राहिली. १९०७ साली सरकारने मातीच्या रक्षणासाठी खास खातं काढलं, आणि ते जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी होतं. वाळू धरून ठेवणारं उंच मेलगवत पेरणं, मेंढ्यांना कुंपण घालणं, असं काम शंभराहून जास्त वर्षं चाललं आहे. १९४५ साली अलास्काहून जांभळ्या फुलांचं ल्युपिन आणलं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. आता ते इतकं माजलं आहे की शेवाळ आणि झुडपं झाकून टाकतं, आणि त्यावरून घराघरांत वाद आहेत. मला दोन्ही बाजू पटतात. उघड्या वाळूवर पहिल्यांदा जांभळा रंग आला तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल, आणि लाकीच्या लाव्ह्यावरचं ते करडं शेवाळ ल्युपिनखाली गेलं तर काय जाईल, हे दोन्ही मला आता दिसतं.

एक गोष्ट मात्र मला इथे नव्याने कळली. पूर्वेच्या डोंगरांमधल्या तांबड्या पट्ट्यांत पुष्कळशी माती वाऱ्याने आणून टाकलेली राख आणि धूळच आहे. वारा एका ठिकाणची माती नेतो आणि गवत, शेवाळ, झाड यांनी जिथे अडवली तिथे तीच टाकतो. अडवणारं काही असेल तर वारा जमीन घडवतो.

मिवात्नहून हूसाविककडे जाताना होलासांदुर नावाचं वाळूचं पठार लागतं. तिथे बऱ्याच वर्षांपासून अशी अडवणूक चालू आहे: कुंपण, मेलगवत, ल्युपिन, आणि आता जागोजागी गुडघ्याएवढ्या बर्चचे पुंजके. पाटीवरचा आकडा ११ होता, भाचीने गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावली आणि तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी दार धरलं. खाली उतरल्यावर कळलं की पायाखालची वाळू कुरकुरत नाही. तिच्यावर पातळ काळसर पापुद्रा धरला होता, आणि त्यात बोटाच्या पेराएवढी हिरवी पानं. रात्री हूसाविकच्या कॅम्पवर शेजारच्या गाडीत एक आइसलँडिक जोडपं होतं. भाचीने त्यांना त्या झाडांबद्दल विचारलं. बाईंनी सांगितलं की शरदात शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, सगळे बर्चचं बी गोळा करतात आणि ठरलेल्या ठिकाणी नेऊन देतात. पेरायला काही लागत नाही. बी मातीत पुरायचं नाही. गवताने पूर्ण झाकलेली जागा नको आणि कोरी वाळूही नको. अर्धवट उघडी जमीन पाहून तिथे चिमूटभर टाकायचं आणि बुटाने दाबायचं.

"पण एवढ्या वाऱ्यात ते उडून जात नाही?" भाचीने विचारलं.

"जातं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर झाडं पुंजक्यापुंजक्याने लावतो आणि मधे मोकळी जागा ठेवतो. तेवढी झाडं बियाला आली की पुढचं पठार वारा पेरतो."

मग त्यांनी आम्हाला उद्याचा आकडा विचारला. भाचीच्या नवऱ्याने फोन काढला आणि आम्ही पाचही जण त्यावर वाकलो.